ऑइलचा लाल दिवा लागल्यावर गाडी किती किलोमीटर चालवता येते? उत्तर आहे, शून्य!

डिझेलचा दिवा लागला की आपण फारसं घाबरत नाही. रिझर्व्हवर अजून तीस-चाळीस किलोमीटर निघतील, पुढच्या पंपावर भरू, असा हिशोब डोक्यात पक्का असतो.

घोळ होतो तो इथंच. अल्लादीनच्या दिव्यासारखं चिन्ह असलेला ऑइलचा लाल दिवा लागला तरी आपण तोच हिशोब लावतो. "एवढा घाट उतरलो की बघू", "गाव दहा किलोमीटरवर आहे, तिथं मिस्त्री आहे." आणि घाट उतरेपर्यंत इंजिनाचं काम झालेलं असतं.

महाराष्ट्रात जुन्या एसयूव्ही काही कमी नाहीत. टाटा सुमो आली १९९४ मध्ये, सफारी १९९८ मध्ये, बोलेरो आणि क्वालिस २००० मध्ये, तर स्कॉर्पिओ २००२ मध्ये. यातल्या पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या आजही शेतावर, वडापला आणि लग्नाच्या वऱ्हाडात जोरात पळतायत. गाड्या दणकट आहेत यात वाद नाही. पण दणकट इंजिनसुद्धा ऑइलशिवाय काही मिनिटांत बसतं. असं का होतं, वाटेत झालं तर काय करायचं आणि गॅरेजमध्ये गेल्यावर काय विचारायचं, हे एकदा नीट समजून घेऊ.

ऑइल इंजिनात नेमकं करतं काय?

इंजिनाच्या तळाशी ऑइलची टाकी असते, तिला आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. तिथून पंप ऑइल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि दाबाने क्रँक, कनेक्टिंग रॉड, कॅम आणि टर्बोपर्यंत पोचवतो.

क्रँक ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथं एक गंमत असते. गाडी चालू असताना क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना टेकतच नाहीत. दोघांच्या मधे केसापेक्षाही पातळ असा ऑइलचा थर असतो आणि सगळा भार तो थर उचलतो. हा थर टिकतो तो पंप सतत ऑइल पुरवत राहतो म्हणून.

पुरवठा तुटला की धातूवर धातू घासतो. २,००० आरपीएमवर क्रँक सेकंदाला ३३ वेळा फिरत असतो. एवढ्या वेगात घासल्यावर बेअरिंगचा मऊ थर वितळतो आणि क्रँकला चिकटतो. मग बेअरिंग आपल्या जागेवरून फिरतं, रॉड खडखडायला लागतो आणि शेवटी एकतर इंजिन जाम होतं, नाहीतर रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. टर्बो असेल तर तो त्याच्याही आधी जाऊ शकतो, कारण त्याचा शाफ्ट मिनिटाला एक लाखापेक्षा जास्त वेळा फिरतो.

ऑइल इंजिन थंड ठेवण्याचंही काम करतं. पिस्टन आणि बेअरिंगची बरीच उष्णता तेच वाहून नेतं. पण टेम्परेचरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो. त्यामुळे काटा मधोमध असतानाही आत बेअरिंग जळत असू शकतं. "काटा तर नॉर्मल होता" असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात.

मग लाल दिवा काय सांगतो?

बहुतेक जुन्या गाड्यांत तो लाल दिवा चेंबरमध्ये ऑइल किती आहे हे सांगतच नाही. तो सांगतो ऑइलचा दाब. दाब अगदी खाली आल्याशिवाय तो पेटत नाही. म्हणजे ऑइल दोन लिटरने कमी झालं तरी पंपाला ओढायला काहीतरी मिळतंय तोवर दिवा गप्प राहू शकतो. आणि तो कायमचा पेटतो तेव्हा बेअरिंगपर्यंत ऑइल पोचणं जवळपास थांबलेलं असतं.

डिझेलचा दिवा आधी सांगतो, ऑइलचा दिवा झाल्यावर सांगतो. फरक एवढाच आहे, पण किंमत अख्ख्या इंजिनाची आहे.

एक इशारा मात्र आधी मिळू शकतो. घाटात वळण घेताना, चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. ऑइल कमी असताना ते चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंपाची नळी हवा ओढते, म्हणून असं होतं. "वायरिंगचा प्रॉब्लेम असेल" म्हणून सोडून देऊ नका. गाडी थांबवा आणि डिपस्टिक काढा.

ऑइल जातं कुठं?

दोनच वाटा आहेत. एकतर बाहेर गळतं, नाहीतर आत जळतं.

बाहेर गळण्याच्या नेहमीच्या जागा या:

- टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि चेंबरचं पॅकिंग. वर्षं झाली की ते कडक होतं आणि झिरपायला लागतं.
- क्रँकचं पुढचं आणि मागचं ऑइल सील. मागचं गेलं तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली थेंब दिसतात.
- ड्रेन बोल्ट. सर्व्हिसिंगला ढिला राहतो किंवा त्याचे आटे गेलेले असतात.
- ऑइल फिल्टर. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर दाब वाढल्यावर ते रबर सटकतं आणि काही मिनिटांत चेंबर रिकामा होतो.
- अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत या पंपाला इंजिनातूनच ऑइल जातं. त्याचा रबरी पाइप चिरला की ऑइल वेगाने बाहेर पडतं.
- चेंबरला बसलेला दगड. कच्च्या रस्त्यावर हे हमखास होतं.

आत जळणारं ऑइल जास्त फसवं, कारण जमिनीवर एक थेंबही पडत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्हचे सील गेले किंवा टर्बोचं सील गेलं की ऑइल जळून सायलेन्सरमधून निघून जातं. निळसर धूर ही त्याची खूण. सकाळी स्टार्ट करताच निळा धूर येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्यायचा. रेस केल्यावर, चढावर सतत येत असेल तर रिंगांवर किंवा टर्बोवर.

हे फक्त आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचं दुखणं नाही. जनरल मोटर्सच्या २०११ ते २०१४ च्या ५.३ लिटर इंजिनाच्या काही पिकअप आणि एसयूव्ही रिंगांमधल्या दोषामुळे जास्त ऑइल खातात, अशी तक्रार अमेरिकेत कोर्टात गेली. २०२२ मध्ये ज्यूरीने मालकांच्या बाजूने १० कोटी डॉलर्सपेक्षा जास्त भरपाईचा निकाल दिला.

आता एक साधं गणित करा. झिजलेलं इंजिन हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल खातंय. चेंबरमध्ये आहे सहा लिटर. आणि तुम्ही सर्व्हिसिंग करता दहा हजार किलोमीटरला. मधे कोणी डिपस्टिक बघितलीच नाही, तर सर्व्हिसिंगच्या कितीतरी आधी काय होणार हे सांगायला नको.

चालत्या गाडीत दिवा लागला, आता काय करायचं?

१. ॲक्सिलरेटर सोडा, इंडिकेटर देऊन डाव्या कडेला या आणि इंजिन बंद करा. पुढचं वळण नाही, पुढचा ढाबा नाही. मात्र धावत्या गाडीत घाईने चावी फिरवू नका. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दोन-चार दाबांनंतर कडक होतो आणि चावी पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. आधी गाडी उभी, मग चावी बंद.

२. हँडब्रेक लावा, चाकाला दगड लावा, हझार्ड लाइट सुरू करा, त्रिकोण मागे ठेवा. हायवेवर माणसांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा.

३. दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरेल. मग डिपस्टिक काढून पुसा, परत घाला, परत काढा आणि बघा. गाडीखाली आणि मागच्या रस्त्यावर ऑइलची रेघ आहे का तेही बघा.

४. डिपस्टिकवर ऑइल बरोबर असेल आणि तरीही दिवा लागला असेल, तर पंप, जाळी किंवा सेन्सर यापैकी काहीतरी आहे. ते रस्त्यावर ओळखता येत नाही. गाडी स्टार्ट करू नका, टो करा.

५. ऑइल कमी आहे, पण मोठी गळती दिसत नाही आणि इंजिनातून आवाजही आला नव्हता, तर योग्य ग्रेडचं ऑइल खुणेपर्यंत भरा. स्टार्ट केल्यावर दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. रेस करू नका. दिवा विझला नाही किंवा खालून ठकठक ऐकू आली, तर लगेच बंद.

६. आवाजातला फरक ओळखा. वरून येणारी बारीक टकटक टॅपेटची असते. खालून येणारी जड, रेस केल्यावर वाढणारी ठकठक बेअरिंगची. ती ऐकू आल्यावर नुसतं ऑइल भरून उपयोग नाही.

७. इंजिन जाम झालं असेल तर धक्का मारून स्टार्ट करायच्या भानगडीत पडू नका. जे वाचलंय तेही तुटेल. फोर बाय फोर असेल तर गाडी उचलून ट्रकवरच न्या. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी १०३३ लावा.

चावी बंद करूनही डिझेल गाडी बंद होत नसेल तर?

हे क्वचित होतं, पण माहीत असलेलं बरं. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून जाळायला लागतं. डिझेलला स्पार्कची गरज नसते, त्यामुळे चावी काढली तरी इंजिन आपोआप रेस होत राहतं आणि मागून धुराचे लोट येतात.

गाडी उभी आणि मॅन्युअल गिअरची असेल तर ब्रेक पूर्ण दाबून ठेवा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडतं. ते जमत नसेल किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल तर सगळे उतरून लांब जा. बॉनेट उघडून हवेच्या पाइपवर हात ठेवायचं धाडस करू नका.

गॅरेजमध्ये "नवीन इंजिन लागेल" ऐकल्यावर

लगेच होकार देऊ नका. आधी ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढायला सांगा आणि फिल्टर कापून बघा. तांबूस किंवा चंदेरी चमकी दिसली तर बेअरिंग झिजलंय. मग पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक हाताने फिरतो का बघायचं. त्यानंतर चेंबर उतरवून बेअरिंग उघडायचं.

खर्च कुठं थांबेल हे त्यावर ठरतं:

- क्रँकला ओरखडे नसतील तर बेअरिंग सेटवर भागू शकतं.
- ओरखडे असतील तर क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग.
- पिस्टन आणि लाइनर घासले असतील तर फुल इंजिनकाम.
- ब्लॉक फुटला असेल तर हाफ इंजिन किंवा अख्खं इंजिन बदलणं.

यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात. धातूचा चुरा ऑइलच्या वाटांमध्ये, ऑइल कूलरमध्ये आणि टर्बोच्या पाइपमध्ये अडकून राहतो. त्या वाटा साफ केल्या नाहीत तर तोच चुरा नवीन बेअरिंग खातो. ऑइल मुळात गेलं कुठून हे शोधून तो दोष काढणंही तितकंच गरजेचं. बिलात या दोन्ही कामांची नोंद मागा.

इंजिन बांधायचं की गाडी काढायची?

इन्शुरन्सवर फार विसंबू नका. साध्या मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरत नाहीत. दगड लागून चेंबर फुटला आणि तुम्ही तशीच गाडी दामटली, तर पुढचं नुकसान तुमच्या माथी. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं, पण बऱ्याच कंपन्या ते जुन्या गाड्यांना देत नाहीत.

दुसरं म्हणजे कागदपत्रं. आरसीवर इंजिन नंबर असतो. दुसरं इंजिन टाकायचं असेल तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी. सेकंडहँड इंजिन घेताना त्याची पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रं नसतील तर ते कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

तिसरं, गाडीचं वय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस बघून ती ५ वर्षांसाठी वाढवतात आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. चॅसिस गंजलेली असेल आणि नूतनीकरण तोंडावर असेल, तर इंजिनावर मोठा खर्च करण्याआधी ही बेरीज करा. बॉडी, चॅसिस, गिअरबॉक्स ठणठणीत असेल तर इंजिन बांधणं परवडू शकतं.

हे सगळं टाळणारी दोन मिनिटं

आठवड्यातून एकदा, सकाळी, सपाट जागेवर, गाडी स्टार्ट करण्याआधी डिपस्टिक बघा. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, जास्त ऑइलनेही नुकसान होतं. ऑइल कॉफीसारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. न भरताच पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळतंय. दोन्ही वेळा गाडी मिस्त्रीकडे न्या.

किती किलोमीटरला किती ऑइल भरलं हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दोन महिन्यांत तुमचं इंजिन ऑइल खातंय का, हे कुणाला विचारावं लागणार नाही. गळतीचा संशय असेल तर रात्री इंजिनाखाली पुठ्ठा टाका, सकाळी डाग नेमकी जागा दाखवतो. आणि लांबच्या प्रवासाला निघताना गाडीच्या ग्रेडचा एक लिटरचा डबा डिकीत असू द्या.

घरात ती गाडी दुसरं कोणी चालवत असेल, भाऊ, मुलगा किंवा ड्रायव्हर, तर त्यालाही एवढं एकच वाक्य सांगून ठेवा: लाल दिवा लागला की आधी बंद कर, मग फोन कर.