मोग नावाचं यंत्र

शिरगाव म्हटलं की गोव्यात कोणालाही आधी लईराईची जत्रा आठवते. वैशाख शुद्ध पंचमी, मोगऱ्याचे कळे, धोंडांची गर्दी, अग्निदिव्य. त्या गावात ओळखीच्या एका घरी गेल्या वर्षी जेवायला गेले होते. घरातली मुलगी कॉलेजात शिकते. तिथे परदेशातून दोन कलाकार सिंथेसायझर घेऊन आले होते. यंत्रावर जाझ कसा वाजवतात ते त्यांनी दाखवलं.

"मग तू काय वाजवलंस?" मी विचारलं.

"कसलं काय! मुलगे पुढे होते. आम्ही मागे उभं राहून फोटो काढले." आणि हळूच म्हणाली, "मावशी, आपल्यातल्या कोणा बाईनं हे कधी केलंय का गं?"

केलंय. म्हणून तर हे लिहायला बसले.

बाहेरच्या कलाकारांकडून शिकणं गोव्याला नवं नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलं व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकली, आणि पोटापाण्यासाठी मुंबईला गेली. 1935 साली लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या संगतीत गोवेकर वादकांचा जाझ तयार झाला. हळदोण्याचे चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या जोडीला आले, आणि 1951च्या 'अलबेला'तून तो ढंग घराघरात पोचला. पण यात बाया असल्या तर बहुतेक गाणाऱ्या. वाद्यं पुरुषांच्या हाती.

यंत्राला हात लावणारी बाई बघायची तर अहमदाबादला जावं लागतं. गीता साराभाई, जन्म 1922, अंबालाल आणि सरलादेवींची लेक, विक्रम साराभाईंची बहीण. घराणं जैन, गिरणीमालकांचं. बाईनं पखवाजावर थाप मारणं लोकांना खपत नसे, त्या काळात ही मुलगी पखवाज शिकली.

पाश्चात्त्य संगीताच्या रेट्यात आपलं संगीत टिकेल का, ही काळजी घेऊन गीताबेन 1946 साली न्यूयॉर्कला गेल्या. तिथे जॉन केज या संगीतकारांकडे शिकायचं ठरलं. फी किती, असं विचारल्यावर केज म्हणाले, पैसे नकोत, तुम्ही मला तुमचं संगीत शिकवा. काही महिने हा व्यवहार चालला. संगीत मन शांत करण्यासाठी असतं, हे आपल्या गुरूंचं म्हणणं गीताबेननी त्यांना सांगितलं, आणि केज ते आयुष्यभर सांगत राहिले. 1952 साली त्यांनी 4 मिनिटं 33 सेकंदांची एक रचना केली. वादकानं त्यात काहीच वाजवायचं नाही! लोक हसले. 48 मिनिटांच्या सामायिकात मौन बसणाऱ्या आपल्या आजीला मात्र त्यात नवल वाटलं नसतं.

त्या दिवशी पियानोपुढे गप्प बसलेले वादक होते डेव्हिड ट्यूडर. तेच 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. ही संस्था गीताबेनची भावंडं, गौतम आणि गिरा साराभाई, यांनी घडवलेली. ट्यूडरनी तिथे मोग सिंथेसायझर उभा केला. रॉबर्ट मोग हे करणाऱ्याचं नाव. गोव्यात मोग म्हणजे प्रेम, म्हणून मला ते लगेच पाठ झालं.

यंत्र कपाटाएवढं. विजेच्या लहरीतून स्वर निघतो. दाब वाढला की स्वर चढतो, कमी झाला की उतरतो. एका खणातली तार दुसऱ्या खणात जोडली की आवाजाचा पोत बदलतो. मग तो टेपवर धरायचा, टेप कापायची, सांधायची. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे काम परकं नाही.

ट्यूडर जाझ शिकवायला आले नव्हते. ते परत गेले, पण यंत्र तिथेच राहिलं. आय. एस. मथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा आणि स्वतः गीताबेन, यांनी त्यावर आपापल्या रचना केल्या. 1972-73च्या सुमारास स्टुडिओ थंडावला. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलाकार पॉल पर्गस यांनी त्या बाहेर काढल्या आणि 2023 साली त्या जगाला ऐकायला मिळाल्या. तोवर गीताबेन जाऊन बारा वर्षं झाली होती.

याच डिचोली तालुक्यात कुडण्याला जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. लोक त्याला गुजिर म्हणतात. आपण तिथे हौसेनं जातो, दगडांना हात लावतो. बायांनो, या टेपाही आपलाच ठेवा नव्हेत काय? आणि एका दिवसाच्या पाहुण्यानं मुली शिकत नाहीत. पाहुणा गेल्यावर यंत्र मागे राहिलं पाहिजे, आणि मुलीला त्याच्याजवळ तासभर एकटीनं बसू दिलं पाहिजे.

परवा शिरगावला गेले तेव्हा मोबाइलवर गीताबेनची रचना तिला ऐकवली. स्वयंपाकघरातून आजीनं विचारलं, "मिक्सर बिघडला काय गो?"

पोरगी हसली. पण तिनं आवाज बारीक केला नाही.