वाढदिवस कोणाचा, आणि वाढायचे कोणी?

मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला, तेव्हा स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासपर लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. इतिहास म्हटला की किल्ले, तह आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. वेळणेश्वरच्या आसपास त्यांचीही वाण नाही. दक्षिणेस शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड आहे, उत्तरेस अंजनवेलचा गोपाळगड आहे. पण त्यांवर लिहिणारी पुरुषमंडळी पुष्कळ आहेत. आपल्या चुलीलाही इतिहास असतो, आणि तो कोणी लिहीत नाही. म्हणून मी विषय घेतला आहे तो आपल्या मंडळातील एका साध्या प्रथेचा. सभासद भगिनीच्या वाढदिवशी तिला घरची कॉफी आणि सुग्रास जेवण मिळावे, आणि त्यातल्या एकाही भांड्याला तिने हात लावू नये, अशी ही प्रथा आहे. नव्या सभासदांना ती गमतीची वाटते. तिच्यामागे केवढा काळ उभा आहे, ते थोडक्यात सांगते.

आपल्या मायबोलीत 'वाढणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मूल वाढते, आणि आई पानात वाढते. वाढदिवस हा पहिल्या अर्थाचा दिवस खरा. परंतु घरातील बाईच्या वाट्याला त्या दिवशीही दुसराच अर्थ येई. दिवस कोणाचाही असो, वाढायचे तिनेच.

वाढदिवस हे इंग्रजांकडून आलेले खूळ आहे, असे काही वडीलधारी मंडळी म्हणत. ते खरे नव्हे. मेणबत्त्या आणि केक तिकडून आले, वाढदिवस आपला जुनाच आहे. 'धर्मसिंधु' हा ग्रंथ शके १७१२ च्या, म्हणजे इ. स. १७९० च्या सुमारास पंढरपुरी सिद्ध झाला. त्याचे कर्ते काशीनाथशास्त्री उपाध्याय यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले, संगमेश्वर तालुक्यातील गोळवली. त्यात वर्धापनाचा विधी दिलेला आहे. जन्मतिथीस अभ्यंगस्नान करावे, कुलदेवतेचे व मार्कंडेयाचे पूजन करावे, चिरंजीवांचे स्मरण करावे आणि तीळ व गूळ घातलेले दूध प्यावे. त्या दिवशी नखे-केस कापू नयेत, प्रवास करू नये आणि भांडण करू नये. सात चिरंजीवांत आपल्या कोकणचे परशुरामही आलेच. म्हणजे वाढदिवसाचे पेय आपल्याकडे फार पूर्वीच ठरून गेले होते.

मात्र घरोघर हा विधी होई तो मुलाचा, आणि पुढे कर्त्या पुरुषाचा. साठाव्या वर्षी त्यांची षष्ट्यब्दिपूर्ती, एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन. पत्नी शेजारच्या पाटावर बसे ती त्यांच्या हाताला हात लावण्यापुरती, आणि संकल्प सुटला की उठून पाने मांडायला जाई. मुलाची जन्मपत्रिका हळदीकुंकवाची बोटे लावून देवघरात ठेवलेली असे. मुलीची पुष्कळदा मांडलेलीच नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारीत, "जन्मतारीख?" वडील म्हणत, "लिहा काहीतरी." मग गुरुजी १ जून लिहीत. आपल्या मंडळाच्या जुन्या नोंदवहीत पाहिले, तर निम्म्याअधिक भगिनी १ जूनलाच जन्मलेल्या आढळतील. आपली एस. टी. देखील १ जूनचीच, १९४८ सालची. पण तिचा वाढदिवस खरा आहे, आमचे कागदोपत्री!

आता कॉफीकडे वळू. कॉफीचे रोप हिंदुस्थानात आले त्याची कथा बाबा बुडन या सुफी साधूशी जोडलेली आहे. सतराव्या शतकात मक्केहून परतताना त्यांनी येमेनमधून सात दाणे आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावले, असे सांगतात. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या किनाऱ्याचे अरबस्तानाशी नाते मात्र त्याहूनही जुने आहे. आदिलशाहीत दाभोळ हे मोठे बंदर होते आणि तेथून तांबड्या समुद्राकडे व्यापाराची व यात्रेकरूंची गलबते जात. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला 'बुंद' म्हणत, तो अरबांचा 'बुन्न'च होय. शब्द समुद्रावरून आला, पेयही आले. पण सामान्य घरात ते शिरायला फार काळ लागला.

आमच्या घरात कॉफी शिरली ती आगबोटीने. मुंबईच्या आगबोटी दाभोळला आणि जयगडला लागत. गिरणीत किंवा पेढीवर असलेला चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला येई, तेव्हा त्याच्या ट्रंकेत कॉफीचा एक डबा असे. पोल्सन हे नाव पुढे लोण्यासाठी गाजले, पण त्या पारशी गृहस्थांचा धंदा सुरू झाला तो मुंबईत कॉफी दळून विकण्यापासून. हा डबा माझ्या सासूबाई फडताळात कुलपाआड ठेवीत. तो उघडे चार प्रसंगी: जावई आले तर, एकादशीला वडीलधाऱ्यांसाठी, कोणी आजारातून उठले तर, आणि घरातील पुरुषाच्या वाढदिवशी. त्या दिवशी तिळगुळाच्या दुधाबरोबर जायफळ घातलेली कॉफीही होई.

आणि बायकांना? बायकांसाठी टाकळा होता. पहिल्या पावसात बांधावर, वाटेच्या कडेला आपोआप उगवणारा हा टाकळा. कोवळेपणी त्याची भाजी करायची, आणि दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की बिया झोडून घ्यायच्या. त्या लोखंडी कढईत मंद आचेवर चांगल्या काळपट होईतो भाजायच्या, कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या आणि गुळाच्या पाण्यात उकळून वर दुधाचा थेंब टाकायचा. कच्च्या बियांनी पोट ढळते, म्हणून भाजण्यात हयगय चालत नाही. वास कॉफीच्या जवळपास जातो आणि चव कडवट लागते. झोप उडविणारे कॉफीतले द्रव्य मात्र तीत नसते. जपान आणि कोरियात अशाच भाजलेल्या बियांचा काढा चहासारखा आवडीने पितात.

अशी युक्ती केवळ आपणच केली असे नाही. १८०६ साली नेपोलियनने इंग्रजी मालाला युरोपची बंदरे बंद केली, तेव्हा फ्रान्समधल्या गृहिणींना कॉफी मिळेनाशी झाली. त्यांनी चिकोरीची मुळे भाजून वापरली. आपण ज्याला 'फ्रेंच कॉफी' म्हणतो, ती हीच चिकोरी मिसळलेली. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली मुंबईत रेशन आले, साखर मापाने मिळू लागली, आणि गावाकडे येणारे डबेही आटले. त्या वर्षांत आमच्या घरी पुरुषांनाही टाकळ्याची कॉफी प्यावी लागली. सासूबाई हसून म्हणत, "लढाईनं तेवढं एक बरं केलं हो, सगळ्यांच्या पेल्यात एकच आलं!"

त्यांचे हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कोणाच्या पेल्यात काय आणि कोणाच्या हातचे, यावर आपल्या समाजात केवढी वादळे झाली आहेत! १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, त्यावरून टिळक, रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झाले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. आपल्या रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर उघडले, सर्व जातींची सहभोजने होऊ लागली, तेव्हाही घराघरांत वाद झाले. परंतु या साऱ्या वादांत एक गोष्ट कोणी विचारली नाही. पंगतीला कोण बसले याची चर्चा झाली. पंगत उठल्यावर गार भात खायला कोण बसले, याची झाली नाही.

विधवा भगिनींचे तर बोलायलाच नको. औक्षण सुवासिनींनी करायचे, सुवासिनींचे करायचे. आपल्या जिल्ह्यातील मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली देवरुखच्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. त्याच कर्व्यांना १९५८ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. भारतरत्न मिळाले, आणि १८ एप्रिलला मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा वाढदिवस झाला. रत्नागिरी जिल्ह्याच्या माणसाचा एवढा मोठा वाढदिवस दुसरा आठवत नाही. मात्र ज्यांनी आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागितली, घरातल्यांना आणि परक्यांना वाढले, त्या बाया कर्वे तो पाहायला नव्हत्या. त्या १९५० सालीच गेल्या.

आता आपल्या प्रथेचे मूळ सांगते. मी १९७१ साली लग्न होऊन या गावात आले, तेव्हा घरात माझ्या आतेसासूबाई होत्या. पंधराव्या-सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेल्या. सारे त्यांना आत्याबाई म्हणत. घरातील प्रत्येकाची तिथी त्यांना तोंडपाठ. गाय कधी व्याली हेही त्या तिथीवार सांगत. त्यांची स्वतःची तिथी मात्र कोणाला ठाऊक नव्हती. १९७५ साल आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले गेले. त्याचे वारे आपल्या मंडळापर्यंतही आले, आणि सर्वांत वडील सभासदाचा सत्कार करावा असे ठरले. सत्काराचे नाव काढताच आत्याबाई संतापल्या. "शाल घालून मला काय मिरवायचंय?" तेव्हा आमच्या वेळच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बरं, मग नुसत्या जेवायला बसा."

तिथी शोधायची होती. आत्याबाईंना एवढेच माहीत होते, की शिमग्याची पालखी दारात आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या जन्मल्या. आम्ही तीच तिथी धरली. त्या दिवशी त्यांना पाटावर बसविले. कुंकवाला त्या नको म्हणाल्या. आम्ही आग्रह केला नाही. चंदनाचे बोट लावले, अक्षता टाकल्या आणि दिवा ओवाळला. मग पान वाढले: वरणभात, वालाचे बिरडे, कच्च्या फणसाची भाजी, कैरीचे लोणचे, उकडीचे मोदक आणि सोलकढी. शेवटी मी विचारले, "आत्याबाई, कॉफी टाकळ्याची करू ना? तुमच्या सवयीची?"

त्या म्हणाल्या, "नको. डब्यातली कर. दाट दुधाची."

जन्मभर घरच्यांची कॉफी करणाऱ्या त्या बाईने ती स्वतःसाठी कधी मागितली नव्हती. टाकळ्याच्या कॉफीचे गोडवे अलीकडे पुष्कळ ऐकू येतात, गुणकारी म्हणून तिची पाकिटेही निघतात. तिचे गुण मला मान्य आहेत. पण तिचे कौतुक ज्यांना डबा उघडता येतो तेच करतात, हे मला त्या दिवशी समजले.

तेव्हापासून ही प्रथा चालू आहे. कॉफी घरचीच असते. कच्चे दाणे आणून आपण कढईत भाजतो, ताजी पूड करतो, आणि नारळी-पोफळीच्या सावलीतल्या झाडाचे जायफळ किसून घालतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जायफळाची 'कोकण सुगंधा' ही जात काढली, तिची झाडे आपल्या हवेत चांगली येतात. ज्यांना रक्तदाब आहे किंवा झोप लागत नाही, त्यांच्यासाठी टाकळाही तयार असतो. पण आधी विचारून. जेवण जिच्या तिच्या आवडीचे. श्रावणात पातोळे, ज्येष्ठात फणसाची सांदणे, आणि ज्या घरी मासळी चालते तेथे सुरमईचे कालवण नि तांदळाची भाकरी. ओवाळायला कपाळ पाहून कोणी निवडत नाही. जी सर्वांत वडील, ती प्रथम ओवाळते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची वाहवा झाली. तो ठराव मोठाच. आपण ठराव केला नव्हता, फक्त पाट मांडला होता.

एवढ्याने सारे साधले असे नव्हे. मंडळात आपण पाटावर बसतो, पण घरी परतल्यावर पुष्कळींना त्याच दिवशी रात्रीचा स्वयंपाक चुकत नाही. सुना नोकरीवर जातात, लेकी पुण्या-मुंबईत असतात, गावात पुष्कळ घरी एकट्या म्हाताऱ्याच उरल्या आहेत. त्यांच्या वाढदिवसाला फोनवर शुभेच्छा येतात, पण गरम पान फोनवर वाढता येत नाही. ते शेजारणीलाच वाढावे लागते.

म्हणून या वर्धापनदिनी माझी एक सूचना आहे. मंडळाने एक नवी वही घालावी. तीत १ जून खोडून प्रत्येकीची खरी तिथी लिहावी. ती ठाऊक नसेल, तर आईने किंवा आजीने सांगितलेली खूण लिहावी. पालखीची, भरतीची, महाशिवरात्रीच्या जत्रेची, जी असेल ती. आणि तिच्यापुढे एक रकाना असावा: जेवायला काय आवडते, आणि कॉफी कोणती. या रकान्यात काय लिहावे, असे विचारल्यावर पुष्कळजणी क्षणभर थांबतील, कारण हे त्यांना आजवर कोणी विचारलेले नसेल. त्यांना थांबू द्यावे. उत्तर येईपर्यंत आपण कढई तापत ठेवू.