‘काय जेवलात?’ या प्रश्नाचा इतिहास

मोहल्ल्यात विचारतात, "खाना हुआ क्या?" गावात विचारतात, "जेवण झालं का?" दोन्हीकडे उत्तर ठरलेलं असतं, "हो, झालं." अडचण पुढच्या प्रश्नाची आहे. "काय केलं होतं?" असं बहीण बहिणीला विचारते, शेजारीण शेजारणीला विचारते, तेव्हा त्यात माया असते. हाच प्रश्न एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने विचारला, तर आमच्यातला माणूस क्षणभर थांबतो. विचारणाऱ्याचा चेहरा पाहतो आणि मग काय सांगायचं ते ठरवतो.

हे थांबणं आजचं नाही, आणि ते एकट्या मुसलमानांचंही नाही. काय खाल्लं, कुणाच्या हातचं खाल्लं, हे लपवण्याची वेळ या महाराष्ट्रात मोठमोठ्या लोकांवर आलेली आहे.

खरं तर ताटातल्या पदार्थांकडे पाहिलं तर भांडणाचं कारण सापडत नाही. मुसलमान म्हणजे रोज बिर्याणी, असा एक समज आहे. आमच्यासारख्या पगारदाराच्या घरी आठवड्यातल्या बहुतेक रात्री ज्वारीची भाकरी, डाळ, एखादी पालेभाजी आणि ठेचा असतो. त्या ठेच्यातली मिरची पोर्तुगिजांच्या काळात अमेरिका खंडातून इकडे आली. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, सगळे मूळचे त्याच खंडातले. उपवासाला चालतात म्हणून आपण त्यांना किती जुनं समजतो! उलट तांदूळ-मुगाची खिचडी अस्सल इथली. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेल्या इब्न बतूताने हिंदुस्थानातले लोक ती तूप घालून खातात, अशी नोंद करून ठेवली आहे. पदार्थ असे समुद्र ओलांडून आले, गेले, रुळले. त्यांना कुणी जात विचारली नाही. जात विचारली गेली ती वाढणाऱ्या हाताला.

पावाचं उदाहरण पाहा. हा शब्द पोर्तुगिजांचा आणि पदार्थही त्यांच्याच बरोबर आलेला. गोव्यात पावाचं पीठ ताडीने फुगवत आणि भाजणारे हात ख्रिस्ती असत. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायलेलं सगळं गाव बाटलं, अशा गोष्टी गोव्यापासून वसईपर्यंत सांगितल्या जातात. त्या किती खऱ्या हा प्रश्न वेगळा. पण पावाच्या तुकड्याची दहशत काय होती, हे त्यांतून कळतं.

ही दहशत ध्यानात घेतली की १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचं धाडस समजतं. तिच्या संस्थापकांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतं, कारण १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिणारे ते हेच. जातिभेद मोडायचा हा सभेचा हेतू. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाने आणलेलं पाणी प्यावं लागे. तेवढं केलं की तो सभेत आला.

पण हे सगळं गुप्तपणे चाले. खायचं, प्यायचं, आणि घरी जाऊन गप्प बसायचं. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, सभासदांची नावं फुटली आणि बघता बघता सभा मोडली. पाव खाताना जे डगमगले नाहीत, ते "होय, खाल्ला" असं चारचौघांत सांगण्याच्या वेळी डगमगले. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. जातीबाहेर टाकणं म्हणजे लग्नं अडणं, मयताला खांदेकरी न मिळणं. दादोबांचे धाकटे भाऊ आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली प्रार्थना समाज काढला, तो मात्र उघडपणे.

ही हकीकत वाचताना मला नेहमी ते पाणी आणणारा मुसलमान आठवतो. तो पखाल वाहणारा भिश्ती असेल किंवा कुणाच्या घरचा नोकर. सभासदांची नावं इतिहासात आली. पाणी देणारा ‘एक मुसलमान’ आणि पाव भाजणारा ‘एक ख्रिस्ती’ एवढेच राहिले. ते पाहुणेही नव्हते आणि यजमानही नव्हते. सुधारकांच्या धैर्याची परीक्षा घेण्याचं ते साधन होते. त्या दोघांच्या घरी जाऊन, मांडी घालून जेवणं ही पुढची पायरी होती, आणि ती यायला वेळ लागणार होता.

१८९० साली पुण्यात दुसरा प्रसंग घडला. पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले त्यांत होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी कप नुसता हातात घेऊन बाजूला ठेवला. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापवून आणली. झालं, शहरात वादळ उठलं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, ग्रामण्य झालं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं, त्यावरून सुधारक त्यांच्यावर नाराज झाले. घरावर याचा किती ताण आला, हे रमाबाई रानड्यांच्या आठवणींत वाचायला मिळतं.

एक कप चहा. देशाचं राजकारण आणि न्यायदान ज्यांच्या हातात, त्यांना त्याचा हिशेब द्यावा लागला. परमहंस सभेत खाणाऱ्याने सांगितलं नव्हतं. पुण्यात खाणाऱ्याच्या आधी दुसऱ्याने सांगून टाकलं. आपण काय खाल्लं हे सांगण्याची वेळ आणि जागा आपल्या हातात नसली की साध्या चहाचाही आरोप होतो, हे आपण आज नव्याने शिकत आहोत. पुण्याने ते १८९० सालीच पाहिलं होतं.

तिसरी गोष्ट कोल्हापूरची. शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे अस्पृश्य समाजातले सेवक होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना हॉटेल काढायला मदत केली. नुसती मदत करून ते थांबले नाहीत. गाडी हॉटेलासमोर थांबवून तिथला चहा ते स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. याच राजाने १९०६ साली मुसलमान मुलांसाठी कोल्हापुरात बोर्डिंग सुरू करायला पुढाकार घेतला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

मुंबई, पुणे आणि कोल्हापूर या तीन प्रसंगांतला फरक मला असा दिसतो. मुंबईत पाणी देणाऱ्याला नाव नव्हतं. पुण्यात चहा देणाऱ्या मिशनऱ्यांचं काय, हे कुणी फारसं विचारलं नाही, वाद पिणाऱ्यांचा होता. कोल्हापुरात चहा करणाऱ्याला नाव होतं, दुकान होतं, गल्ला होता. आणि पिणारा स्वतःहून जगाला सांगत होता की मी गंगारामच्या हातचा चहा प्यालो. सहभोजन म्हणावं ते याला. कुणाकडे जेवलो ते जेवणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने, यजमानाचं नाव घेऊन सांगावं.

आता आपल्या काळाकडे येतो. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याने गोहत्येला बंदी केली होती. त्यातली दुरुस्ती २०१५ साली लागू झाली आणि बैल-वळूही बंदीत आले. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. मात्र परराज्यात कायदेशीर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस आपल्या घरात काय खातो, हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, असा त्यामागचा विचार. पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यातल्या एका न्यायमूर्तींच्या निकालपत्रात काय खावं, काय ल्यावं हे सरकारने सांगितलेलं कुणालाच रुचणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख आहे. कायदा पाळायचाच. पण घरातलं झाकण उघडून दाखवायची सक्ती नागरिकावर नाही, हेही कायद्यानेच सांगितलं आहे.

इथे थांबलो तर लेख सोयीचा होईल. आपल्या दस्तरखानाकडेही पाहायला हवं. एका थाळीत चार हात, ही आपली अभिमानाची गोष्ट. शोरब्यात पाणी वाढव पण शेजाऱ्याला दे, ही हदीस आपल्याला लहानपणापासून पाठ. तरीही सफाईचं काम करणाऱ्या बिरादरीला थाळीपासून लांब ठेवणारे आपल्यातही होते. १९०१ च्या बंगालच्या जनगणना अहवालात याची नोंद आहे आणि डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात ती उद्धृत केली आहे. ती वाचून राग येतो. राग आवरून आपल्या गावातल्या लग्नाची पंगत आठवावी, कुणाला दावत गेली आणि कुणाला डबा भरून मागच्या दाराने गेला ते पाहावं.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे. हलालचा नियम पदार्थाला आहे, माणसाच्या हाताला नाही. शेजारच्या शाकाहारी कुटुंबाचा नियमही पदार्थापुरता असू शकतो. त्यांनी आपल्याकडे मटण खाल्लं नाही म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. आपणही त्यांच्याकडे सगळं खातोच असं नाही. मन दुखतं ते शीरखुर्म्याच्या वाटीला "नको, पोट भरलंय" असं म्हणत बंद पुडक्यातलं बिस्कीट घेतलं जातं तेव्हा. ते नाकारणं पदार्थाचं नसतं, हाताचं असतं. हाच हिशेब आपण इतरांशी वागतानाही लावावा.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. ‘काल रात्रीचं जेवण’ हा पाच वाक्यांचा सोपा विषय दोन्ही भाषांत देता येतो. एका मुलाच्या उर्दूच्या वहीत खिचडा होता, खाला आल्या होत्या, वरून तळलेला कांदा होता. त्याच मुलाच्या मराठीच्या वहीत त्याच रात्री वरण-भात झाला होता. पाहुणेही गायब. शब्द अडले होते असं म्हणावं तर ‘खिचडा’ मराठीतही खिचडाच आहे. दहा वर्षांच्या मुलाने भाषांतर शब्दांचं केलं नव्हतं, ताटाचं केलं होतं. त्याला तसं कुणी सांगितलं नसणार. एसटीतल्या बाकावर वडील क्षणभर थांबतात, ते त्याने पाहिलेलं असतं.

मराठी वहीवर माझी एकच सूचना असते, जे जेवलात ते लिहा, आणि लिहायचं नसेल तर दुसरा विषय घ्या. दुसरा विषय घेण्याची मोकळीकही तितकीच खरी असली पाहिजे. पण ज्याला सांगायचं आहे त्याच्या मराठीत खिचडा, दालचा, शीरखुर्मा, वाढणाऱ्या खाला आणि शेजारच्या काकू हे सगळं आलं पाहिजे. मिरची आणि पाव या भाषेत मावले, तर आमची रात्रीची जेवणंही मावतील. पुढची वाक्यं मुलंच लिहितील, शिक्षकाने फक्त शुद्धलेखन तपासावं.