पागोटं उतरलं आणि टक्कल दिसलं

(हरसूल येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय ऐकून मागच्या रांगेत दोघा-तिघांनी टोप्या काढून परत घातल्या, ते मी पाहिलं. माझ्याकडेही बघा, लपवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. चाळिशी ओलांडली, कपाळ मागे सरकायला लागलं, मग डोक्याच्या मध्यावर रुपयाएवढी जागा मोकळी झाली आणि मी इतिहासाचा माणूस असूनही बाजारातल्या तेलाच्या तीन बाटल्या संपवल्या. तेलाने उशीची खोळ तेवढी पिवळी झाली.

तर इतिहास. आपल्याकडे टक्कल ही 'समस्या' केव्हा झाली? माझं मत असं की, पागोटं उतरलं तेव्हा. पेशवाईतला पुरुष डोळ्यांपुढे आणा. डोक्याचं क्षौर केलेलं, मागे शेंडी आणि तिचा घेरा, वर पगडी किंवा पागोटं. अशा माणसाचे पुढचे केस गेले काय आणि राहिले काय, न्हावी ते काढूनच टाकणार! इंग्रजी शाळा आल्या, कचेऱ्या आल्या, केस राखून कापायची पद्धत आली, मग हळूहळू डोकं उघडं पडलं. तेव्हा कुठे शेजारच्याचे किती आणि माझे किती, हा हिशेब सुरू झाला. आपल्या तालुक्याच्या गावी, त्र्यंबकेश्वरला, आजही विधीसाठी आलेला माणूस क्षौर करून बसतो. त्या रांगेत टक्कल असलेला आणि नसलेला ओळखून दाखवा.

एक गोष्ट वाटेत सांगतो, कारण ती विसरू नये. ज्या काळात पुरुष केस राखायला शिकत होता, त्याच काळात विधवांचं केशवपन चालू होतं. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी हे काम करायचं नाही असं ठरवलं. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. केस ठेवायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, ही साधी गोष्टसुद्धा आपल्याकडे भांडून मिळवावी लागली.

टक्कल माहीत नव्हतं असं मात्र नाही. भर्तृहरीच्या नीतिशतकात उन्हाने तापलेला टकल्या सावलीला झाडाखाली जातो आणि नेमकं फळ त्याच्याच डोक्यावर पडतं. सुश्रुताने कारणही दिलं : पित्त वाताबरोबर केसांच्या मुळाशी जातं, केस गळतात, मग कफ आणि रक्त ती छिद्रं बुजवतात. वाग्भटाने एक फार मोलाचा फरक केला. अचानक जातं ते इंद्रलुप्त, हळूहळू जातं ते खालित्य. आपण ज्याला 'चाई पडली' म्हणतो ती वेगळी आणि वयाबरोबर कपाळ वाढणं वेगळं. बाजारातला तेलवाला हा फरक करत नाही. चाईचे केस पुष्कळदा आपोआप परत येतात आणि श्रेय बाटलीला जातं.

उपाय काय होते? माका, म्हणजे भृंगराज, तो तुम्हाला बांधाबांधावर दिसतो. हस्तिदंत जाळून त्याची राख रसांजनात कालवून लावायची, हाही एक. आज तो करायला गेलात तर केसांच्या आधी वनखातं येईल! (हशा) गुंजेचा लेपही सांगितलेला आहे. इथे मात्र हसू नका. गुंजेचं बी विषारी आहे, त्वचा खरवडून वर ते लावणं हा घरी करायचा प्रयोग नव्हे. भिलाव्याचंही तेच. आपल्या रानात दोन्ही आहेत, म्हणून बजावून सांगतो. आणि हे वेड आपलंच नाही. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसात सिंह, पाणघोडा, मगर यांची चरबी चोळायला सांगितली आहे.

कारणाचा खरा धागा फार जुन्या निरीक्षणात होता. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे ग्रीकांनी नोंदवलं होतं. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते तपासलं. वयात येण्यापूर्वी ज्यांची वृषणं गेली होती त्यांना टक्कल नव्हतं. अशांना पुरुष संप्रेरक दिलं तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जायला लागले. संप्रेरक थांबवलं की गळती थांबली, पण गेलेले केस काही परत आले नाहीत. म्हणजे दोन गोष्टी लागतात, संप्रेरक आणि वारसा. वारसा आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही, मामाला एकट्याला दोष देऊ नका.

पुढचा दुवा एका खेड्यात सापडला, हरसूलकरांनी हे ऐकावं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास नावाच्या आडगावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना पुरुष होत. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ साली त्यावर लिहिलं. या लोकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं विकर कमी पडत होतं. त्यांची प्रोस्टेट लहान राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. त्या विकराला अडवणारं औषध म्हणजे फिनास्टेराइड. अमेरिकेत १९९२ साली ते प्रोस्टेटसाठी आलं, पाच मिलिग्रॅम. १९९७ च्या डिसेंबरात टकलासाठी एक मिलिग्रॅमला मान्यता मिळाली. सुरुवातीच्या मोठ्या चाचण्या १८ ते ४१ वयाच्या पुरुषांवर झाल्या. तुमच्या-माझ्या वयाचं काय? ४१ ते ६० वयोगटावर वेगळी चाचणी झाली, तिथेही औषध रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरलं.

मिनॉक्सिडिलची गोष्ट अपघाताची. ते रक्तदाबाचं औषध, १९७९ चं. गोळी घेणाऱ्यांच्या कपाळावर, हातांवर केस यायला लागले! मग १९८८ साली डोक्याला लावायचं दोन टक्क्यांचं द्रावण आलं. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी ते आणलं, दीड महिना लावलं, केस आधीपेक्षा जास्त गळाले, घाबरून बाटली फेकून दिली. सुरुवातीला जुने केस गळून नवे यायला लागतात, चार ते सहा महिने धीर धरावा लागतो, हे दुकानदाराने त्यांना सांगितलंच नाही. आणि हेही सांगितलं नाही की फायदा झाला तरी लावणं सोडलं की काही महिन्यांत तो फायदा जातो. हा खर्च एका बाटलीचा नसतो, वर्षानुवर्षांचा असतो. पगारातून तो झेपतो का, हे आधी घरात बोलावं.

केशरोपणाबद्दल थोडक्यात. जपानच्या ओकुडा यांनी १९३९ साली लिहिलं, जगाने लक्ष दिलं नाही. न्यूयॉर्कच्या ऑरेन्ट्राइक यांनी १९५९ साली दाखवलं की मागचा केस पुढे लावला तरी तो मागचाच स्वभाव ठेवतो, गळत नाही. सगळी शस्त्रक्रिया यावर उभी आहे. पण मागचं शेत मर्यादित असतं, आणि रोप लावलं तरी मधले जुने केस गळतच राहतात. नाशिक-मुंबईच्या जाहिरातीत हे बारीक अक्षरातही नसतं. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सांगावं लागलं की हे काम प्रशिक्षित डॉक्टरनेच करावं.

आणि कायदा? औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये अशा व्याधींची यादी आहे, ज्या औषधाने टळतात किंवा बऱ्या होतात असा दावा करायचा नाही. टक्कल त्या यादीत आहे. म्हणून बाटलीवर 'टक्कल बरे करते' असं सहसा नसतं, 'मुळांना पोषण' असं असतं. बाकीचं विकणारा तोंडाने सांगतो.

शेवटी एक प्रश्न आला आहे. "माझं वय बावन्न, औषध घेऊ का, की आता उशीर झाला?"

दादा, वयाने उशीर होत नाही, मुळं पूर्ण गेली असली तर होतो. गुळगुळीत चमकणाऱ्या जागी औषध काही उगवत नाही, जिथे लव शिल्लक आहे तिथे आशा असते. पण आधी एवढं बघा. केस दोन-चार आठवड्यांत झपाट्याने गेले असतील तर ते हे नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गेले, तिथे सेलेनियमची चर्चा झाली, तपासणी पथकं आली. असं काही दिसलं तर आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. हळूहळू जात असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि रक्तदाब, हृदय यांची औषधं चालू असतील ती सगळी सोबत न्या. फिनास्टेराइड सुरू केलंत तर प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तो आकडा साधारण निम्म्यावर येतो आणि खरा आजार झाकला जाऊ शकतो. थोड्या पुरुषांना कामेच्छेच्या तक्रारी होतात, त्या लाजून लपवू नका. ती गोळी फुटलेली असेल तर घरातल्या गरोदर बाईने हात लावायचा नाही, आणि औषध थांबवून महिना झाल्याशिवाय रक्तदान करायचं नाही.

आणि काहीच नको असेल तर बाजारात न्हावी बसलेलाच आहे. मी गेल्या वर्षापासून त्याच्याकडे मशीन फिरवून घेतो.