गंगेपल्याडची यादी

आजीने गोदावरीला कधी गोदावरी म्हटलं नाही. आमच्या भागात ती गंगाच. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांची धास्ती वाढली, तेव्हा आजी चितेगावातून रातोरात निघाली. कडेवर आत्या, डोक्यावर बोचकं. पैठणच्या वरच्या अंगाला पाणी गुडघाभर. अलीकडे निजाम, पलीकडे नगर जिल्हा. "पाय भिजले, तवढ्यात राज बदललं," असं ती सांगायची.

पलीकडे गेल्यावर पहिला खोळंबा झाला तो पैशांचा. बटव्यात सगळे निजामाचे हाली रुपये आणि दुकानदाराला हवे इकडचे कलदार. सात हालीला सहा कलदार हा हिशेब आजीला पाठ होता, पण गूळवाला ऐकेना. शेवटी पायातलं एक जोडवं गेलं, तेव्हा कुठे आत्याच्या हातावर गुळाचा खडा आला.

हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा तुरुंगात होते. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची केंद्रं आणि निर्वासितांच्या छावण्या उभ्या होत्या. छावणीत नाव लिहिणाऱ्याने विचारलं, "कर्ता कोण?" कर्ता तर बैलांपायी गावातच राहिलेला! तरी यादीत चढलं आजोबांचंच नाव. खाली नुसतं 'बायको व एक मूल'. धान्य मिळालं ते न आलेल्या माणसाच्या नावावर.

१३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला. आजी परतली तर समोरचं पिंजाऱ्याचं घर रिकामं. ही गोष्ट ती सणावाराला सांगत नसे, आम्ही दोघीच असलो की सांगे. पंडित सुंदरलाल समितीने त्या दिवसांत मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांबद्दल जे लिहिलं, ते पुढे कित्येक वर्षं दडूनच राहिलं. पिंजाऱ्याचं बिऱ्हाड कुठल्या यादीत गेलं, आजीला कधीच कळलं नाही.

तो उतारही आता नाही. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी. आजी ज्या काठावरून निर्वासित होऊन गेली, तिथली गावंच धरणाच्या जलाशयाने, नाथसागराने, उठवली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला तोही १९७६ चाच. पाणी आधी, कायदा मागून. आपल्याकडची रीतच ती.

पुनर्वसनाच्या कामात मी पंचवीस वर्षं काढली. पण काम शिकले ते किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. नंतर ५२ गावं नव्या जागी बसवायची ठरली. घर किती मोठं, हे ज्याच्या त्याच्या जमिनीवरून: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांच्या वर ७५०. धरणीने मात्र असा भेद केला नव्हता. उलट दगडमातीच्या जाड भिंतींचे वाडेच जास्त बसले.

पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारी समोर बसली होती. नवरा भिंतीखाली गेलेला, शेत नाही, एक शेळी वाचलेली. मी सवयीने विचारलं, "कुटुंबप्रमुख?" आणि 'कै.' लिहिलंसुद्धा.

"आगं बाई, मी बसलेय की हितं!"

मी खोडलं आणि तिचं नाव विचारलं. तिने ते सावकाश, दोनदा सांगितलं. मग म्हणाली, "आडीचशे फुटात शेळी कुठं बांधू?"

माझ्या कागदावर त्याला रकाना नव्हता.