चढावर थकणारा वायपर

सुरगाण्याचा पाऊस आणि हतगडचा चढ! लहानपणी आम्ही जुन्या पेट्रोल जीपमधून तिथे जायचो, तेव्हा नेमका चढावरच वायपर रेंगाळायचा. ड्रायव्हरचाचा क्षणभर ॲक्सिलरेटर सोडत, की तो पुन्हा फिरे. मला ती जादू वाटे.

१९४५ मध्ये बाजारात आलेल्या नागरी विलिस जीपचा वायपर विजेवर नव्हे, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चाले. ॲक्सिलरेटर दाबला की हवेची वाट मोकळी होते आणि ओढ मरते. आपल्याकडे या जीपा जोडणारी कंपनी १९४५ साली 'महिंद्र अँड महंमद' म्हणून सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये पाटीवर दोन्ही महिंद्रच उरले. असो.

परवा मित्राच्या जुन्या, परदेशी टर्बो गाडीने त्याच चढावर तेच केले. एसीची हवा तोंडावरून अचानक काचेकडे वळली. एका गॅरेजने दोनदा गॅस भरला होता, व्यर्थ. हवा कुठे सोडायची ते ठरवणाऱ्या झडपाही व्हॅक्यूमवरच हलतात. टर्बो तर उलट हवा कोंबतो. म्हणून व्हॅक्यूम साठवायला डबी आणि तो परत जाऊ नये म्हणून एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. मला चाचा आठवले. बॉनेट उघडून चाचपले, तर व्हॉल्व्हजवळची रबरी नळी चिरलेली! चिरलेले टोक कापून नळी पुन्हा बसवली. माथ्यापर्यंत वारा तोंडावरच राहिला.