वर्गणीदारांच्या बळावर : ‘मूकनायक’ ते ‘जनता’

नियतकालिकांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडील रूढ पद्धत अशी की, संपादकाचे चरित्र, त्याचे गाजलेले अग्रलेख आणि त्याच्यावर झालेले खटले यांवर पाने खर्च व्हावीत. कागदाचे बिल कोणी भागविले, हा प्रश्न तळटीपेतही येऊ नये. ज्या पत्रांचा वाचकवर्ग मुळातच सुस्थितीत होता, त्यांच्यापुरते हे एक वेळ चालून जाईल. परंतु ज्या समाजातील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती, आणि ज्या थोड्यांना होती त्यांच्याही हाती वर्षाकाठी दोन-तीन रुपये शिल्लक राहणे ही अपूर्वाई होती, त्या समाजाच्या पत्रांचा इतिहास जमाखर्चाची वही बाजूला ठेवून लिहिताच येत नाही.

हा प्रश्न विसाव्या शतकात निर्माण झाला असे नव्हे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ अल्पावधीतच पैशाअभावी अडचणीत आले, आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नव्याने उभे केले. मुंबईत गिरण्या होत्या, गिरणीत दरमहा रोख पगार मिळत होता, आणि रोख पगार असेल तेथेच वर्गणी मागता येते. भालेकरांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी मात्र याच्या उलट वाट धरली. नगर जिल्ह्यातील सोमठाण्यास १९१० मध्ये सुरू केलेले व पुढे तरवडीहून निघणारे ‘दीनमित्र’ त्यांनी १९६७ पर्यंत चालविले. खेड्यात छापखाना मांडून, लेखन, खिळे जुळविणे आणि छपाई यांचा भार स्वतः वाहून एका माणसाने सत्तावन्न वर्षे पत्र चालवावे, हे मराठी पत्रसृष्टीतले एक आश्चर्यच होय. पाठ्यपुस्तकांत या आश्चर्याला अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही, ही गोष्ट वेगळी.

‘मूकनायका’ची कथा याहून निराळी आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. डॉ. भीमराव आंबेडकर तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीच्या बंधनामुळे संपादक म्हणून त्यांचे नाव नव्हते, पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. आरंभीचे भांडवल म्हणजे छत्रपती शाहू महाराजांनी दिलेले अडीच हजार रुपये. महाराज आणि आंबेडकर यांची भेट घडविण्यात कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांचा वाटा होता. वार्षिक वर्गणी अडीच रुपये ठेवली होती. हिशेब सरळ मांडला, तर महाराजांची देणगी म्हणजे एक हजार वर्गणीदारांची वर्षाची वर्गणी होय. पण देणगी एकदा येते आणि खर्च दर पंधरवड्यास येतो. कागद, जुळणी, छपाई, टपाल यांपैकी कोणतीही बाब उदार आश्रयदात्याची स्मृती काढून थांबत नाही.

त्यातही नव्या पत्राला वर्गणीदार मिळविण्याचा जो राजमार्ग, म्हणजे जुन्या व प्रतिष्ठित पत्रातून जाहिरात करणे, तो ‘मूकनायका’ला बंद होता. ‘केसरी’ने पैसे मोजून दिलेली जाहिरातही स्वीकारली नाही, ही नोंद आंबेडकरांच्या चरित्रकारांनी करून ठेवली आहे. मग उरला तो मार्ग सभांचा, परिषदांचा आणि तोंडी प्रचाराचा. मार्च १९२० मध्ये कागल भागातील माणगावी भरलेल्या परिषदेस स्वतः शाहू महाराज उपस्थित होते. पत्राने परिषदेचा पुकारा करावा आणि परिषदेने पत्राला वाचक द्यावेत, अशी ही परस्परांवर उभी असलेली रचना होती.

जुलै १९२० मध्ये आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. त्या प्रवासासाठी त्यांना स्वतःलाच नवल भथेना या मित्राकडून कर्ज काढावे लागले होते, तेव्हा तेथून पत्राला पैसे पाठविणे शक्य नव्हते. भटकरांनंतर ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी पत्र चालविले. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले, आणि १९२३ च्या सुमारास ‘मूकनायक’ बंद पडले. आश्रयदाता गेल्यामुळे पत्र गेले, असे कार्यकारण यात पाहण्याचा मोह होतो, पण तो पुरता खरा नाही. मूळ प्रेरणा समुद्रापलीकडे होती आणि वर्गणीदारांची संख्या खर्चाला पुरण्याइतकी झाली नव्हती, ही कारणे अधिक जवळची.

मधल्या काळात बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली (१९२४). एप्रिल १९२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील निपाणीस मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, तीही आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली. सीमाभागातील वाचकांना हे स्मरण अस्थानी वाटू नये. मुंबईत निघालेल्या पत्राला मुंबईबाहेर ज्या माणसांचा आधार लाभणार होता, ती माणसे अशाच परिषदांतून उभी राहिली.

महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहानंतर पंधरवड्याच्या आतच, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. या वेळी संपादक म्हणून नाव आंबेडकरांचेच होते, आणि पाठीशी कोणी महाराज नव्हते. वकिलीचा जम अजून बसायचा होता. बाटलीबॉय अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये काही तास शिकवून ते प्रपंचाला हातभार लावीत होते. पगारी सहसंपादक ठेवण्याची ऐपत नसल्याने अंकाचे चोवीस-चोवीस रकाने संपादकाने एकहाती लिहून काढावेत, असा प्रसंग येई. एरवी ज्या लेखनाला मोबदला द्यावा लागला असता, ते लेखन संपादकाने पत्राला फुकट दिले. जमेच्या बाजूला ही रक्कम कधी मांडली गेली नाही, पण खरी मोठी देणगी तीच.

यापुढचा प्रश्न आंबेडकरांनी स्वतःच वाचकांपुढे ठेवला. १९२८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या अग्रलेखाचे शीर्षकच ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ असे आहे. या शब्दयोजनेतली खोच जुन्या पिढीच्या वाचकाला सहज कळेल. परंपरेने देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे मनुष्यावर घातली, आणि ती फेडताना गरिबातला गरीबही मागे राहत नाही. लग्नकार्ये, जत्रा, श्राद्धे यांसाठी सावकाराच्या दारी जाणाऱ्या माणसाला आपल्यासाठी लिहिणाऱ्या पत्राचे देणे मात्र देणे वाटू नये, हा विरोध त्या एका शीर्षकात सामावलेला आहे. येथे मदतीची याचना नाही. याचनेत मागणारा खालच्या पायरीवर उभा असतो. ऋणाची भाषा वापरली की दोघेही एका पातळीवर येतात. अस्पृश्यतेविरुद्ध लढणाऱ्या पत्राने पैसे मागतानाही ही पातळी सोडली नाही, याचे महत्त्व कोणत्याही मोठ्या देणगीहून अधिक आहे.

तरीही पत्र वाचले नाही. वाचक नव्हते म्हणावे, तर तसे नव्हते. चाळीत किंवा वस्तीत एक अंक यायचा, एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, ही त्या काळची वाचनाची रीतच होती. विचार पसरण्याच्या दृष्टीने ती उत्तम, हिशेबाच्या दृष्टीने घातक. कारण वीस श्रोते मिळून वर्गणी एकच. १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर ‘बहिष्कृत भारत’ थांबले. मधल्या काळात, जून १९२८ मध्ये, देवराव विष्णु नाईक यांच्या संपादकत्वाखाली समाज समता संघाचे ‘समता’ निघाले होते. तेही फार काळ टिकले नाही.

२४ नोव्हेंबर १९३० रोजी निघालेले ‘जनता’ मात्र टिकले. पाक्षिकाचे साप्ताहिक झाले, आणि पंचवीस वर्षे ते चालू राहिले. याचे श्रेय केवळ संपादकांच्या चिकाटीला देणे अपुरे ठरेल. एक तर संपादनाचे ओझे आता एका माणसावर राहिले नाही. नाईकांनंतर भा. र. कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे अशा सहकाऱ्यांनी ते आळीपाळीने वाहिले. दुसरे, गोलमेज परिषद, पुणे करार, स्वतंत्र मजूर पक्ष अशा घटनांनी चळवळीचा विस्तार झाला, आणि गावोगावचे कार्यकर्ते हेच वर्गणी गोळा करणारे झाले. शिवाय चळवळीचा स्वतःचा छापखाना झाल्याने परक्या छापखान्याच्या तगाद्यापासून थोडी मोकळीक मिळाली. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी याच पत्राचे नामांतर ‘प्रबुद्ध भारत’ असे झाले.

‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये एकत्रित ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात ‘मूकनायका’चे सर्व अंक येऊ शकले नाहीत. ते ज्या काळी टपालाने येत होते, त्या काळी फारच थोड्या सार्वजनिक वाचनालयांच्या टेबलांवर त्यांना जागा होती.